शब्द सगळे येतात, तरी वाक्य डोक्यावरून जातं: जपानी ठरावीक बोल आणि वाक्प्रचार

कांजीकष्टी

नमस्कार मंडळी,

जपानी भाषेच्या परीक्षांपैकी एन-थ्री झाली, तिच्या वरच्या एन-टूची तयारी चालू आहे. कामामुळे जपानी लोकांशी रोजचा संबंध आहे. सकाळी मेल, दुपारी ऑनलाइन मीटिंग. व्याकरणाचं फार अडत नाही. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, अडतात, पण त्या शोधता येतात. माझी रड वेगळी आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि वाक्याचा मात्र पत्ता लागत नाही.

उदाहरणं देतो. बहुतेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, तेव्हाची गोष्ट. तिकडचे विभागप्रमुख मीटिंगमध्ये म्हणाले, "इमा वा नेको नो ते मो कारिताइ गुराइ देस." नेको म्हणजे मांजर, ते म्हणजे हात, कारिरु म्हणजे उसनं घेणं. सध्या मांजराचाही हात उसना घ्यावासा वाटतोय! बाकीचे गालात हसले, मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

दुसरं. दोन विभागांबद्दल बोलताना एक जण म्हणाला, "आनो बुशो तो वा सोरी गा आवानाकुते." आमच्या ड्रॉइंगवर 'सोरी' हा शब्द पत्र्याला येणाऱ्या बाकासाठी असतो. इथे तर माणसांबद्दल चाललं होतं. त्या विभागाशी बाक जुळत नाही म्हणजे काय?

तिसरं तर रोजचंच. प्रत्येक मेल 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'ने सुरू होतो. शब्दशः 'मी आपल्या देखभालीखाली आहे'. ज्या बाईंशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नाही, त्यासुद्धा मला हेच लिहितात.

तर विचारायचं असं की ही सगळी यादी घोकायची का? माझ्याकडे वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तक आहे, वर्णानुक्रमे लावलेलं. 'आ'च्या पुढे गाडी जात नाही. दुसरं म्हणजे समोर आलेलं वाक्य सरळ आहे की वाक्प्रचार आहे, हे ओळखायचं कसं? आणि आपण स्वतः हे वापरावं का?

पाठांतरपटू

सोपं आहे, घोका. दुसरा इलाज नाही. आंकी या पाठांतराच्या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये वाक्प्रचारांचे तयार संच मिळतात, रोज थोडे थोडे करत जा. पुढच्या बाजूला वाक्प्रचार, मागच्या बाजूला अर्थ. मी असंच करून एन-वन, सगळ्यांत वरची परीक्षा, काढली. आधी डोक्यात माल भरावा लागतो, समज मागून येते. आणि ते 'आ'पासूनचं पुस्तक ठेवून द्या, कार्डं उलटसुलट क्रमाने आली तरच डोक्यात राहतात.

दुभाषीण

पाठांतरपटूंशी माझं जमणार नाही, हे आधीच सांगते. घोकून परीक्षा सुटते, मीटिंग सुटत नाही. दुभाषेपण हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

कांजीकष्टी, तुम्ही दोन वेगळ्या जाती एका दावणीला बांधल्या आहेत. मांजराचा हात आणि न जुळणारा बाक हे 'कान्योकू', म्हणजे वाक्प्रचार. त्यांना अर्थ असतो, फक्त तो शब्दांची बेरीज करून हाती लागत नाही. 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' हे 'किमारी मोंकु', म्हणजे ठरलेले बोल. त्यांना अर्थ विचारत बसलात तर ते तुम्हाला वेड्यात काढतील. त्यांना तीनच गोष्टी विचारायच्या: कोण कोणाला म्हणतं, कुठल्या वेळी म्हणतं, आणि उत्तर काय येतं.

त्या बाईंचंच घ्या. त्या तुमच्याशी एक व्यक्ती म्हणून बोलतच नाहीयेत. त्यांची कंपनी तुमच्या कंपनीशी बोलते आहे आणि त्या दोघींचे जुने संबंध आहेत. म्हणून टेलिफोनवर तुमचं नाव कळायच्या आधी समोरून 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' येतं, आणि आपणही तेच परत करायचं असतं. हेच वाक्य स्वतःच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला लिहिलंत तर तो बुचकळ्यात पडेल. आपल्याच कंपनीतल्यांसाठी 'ओत्सुकारेसामा देस', 'दमलात हो'. म्हणजे हा बोल कुंपणाबाहेरच्यांसाठी आहे आणि तो कुंपण दाखवतो. संबंधच नसताना पहिला मेल टाकायचा असेल, तर 'हाजिमेते गोरेनराकु इताशिमासु', प्रथमच संपर्क साधत आहे, असं लिहितात. आणि 'गोकुरोसामा' हा 'ओत्सुकारेसामा'चा जुळा भाऊ वाटतो, पण तो वरून खाली जातो. साहेबांना म्हणायचा नाही.

खरं तर आपल्याला हे जड जायला नको. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. सरळ 'जाऊन येतो'. घरातले 'इत्तेराश्शाइ' म्हणतात, म्हणजे 'जाऊन ये'. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला जिथे परिच्छेदभर समजावावं लागतं, तिथे आपल्याला समजवायला काही उरतच नाही. मी शिकवते तेव्हा इंग्रजीला या वाटेवर येऊच देत नाही.

आता एक खूण सांगते, ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. ठरलेले बोल हे बरेचदा शेपूट तोडलेलं वाक्य असतं, आणि तोडलेली जागा दिसते. वर्ष संपताना लोक एकमेकांना 'योइ ओतोशि ओ' म्हणतात. शेवटचा 'ओ' बघा. हा कर्माचा प्रत्यय आहे, त्याच्यापुढे क्रियापद हवं, आणि ते नाहीच. पूर्ण वाक्य 'योइ ओतोशि ओ ओमुकाए कुदासाइ', चांगल्या वर्षाचं स्वागत करा. येणाऱ्या वर्षाचं स्वागत करायचं म्हटल्यावर ते ३१ डिसेंबरपर्यंतच म्हणता येणार. १ जानेवारी उजाडली की 'आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु'. तोडलेलं शेपूट जोडून पाहिलं की हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

अशीच बाकीची. आजाऱ्याला म्हणतात 'ओदाइजी नि', शेवटी 'नि' लोंबकळतोय. आधी निघताना 'ओसाकि नि', पुन्हा 'नि'. 'कसे आहात?' याचं उत्तर 'ओकागेसामा दे', शेवटी 'दे'. 'कोन्निचिवा' लिहिताना शेवटचं अक्षर 'हा' असतं आणि वाचायचं 'वा', याचंही कारण हेच. तो विषय दाखवणारा प्रत्यय आहे. 'आजचा दिवस म्हणाल तर…' एवढंच म्हणून लोकांनी पुढचं सोडून दिलं. 'सायोनारा'सुद्धा मुळात 'सायो नाराबा', 'तसं असेल तर…'. पुढे काय, ते कोणी म्हणत नाही. तेव्हा वाक्य प्रत्ययावर येऊन थांबलं की समजा, बोल ठरलेला आहे आणि पुढचा भाग दोघांनाही माहीत आहे.

आता कान्योकू. वर्णानुक्रम सोडा आणि धंद्यानुसार वह्या करा. तुमची 'सोरी' तलवारीची आहे. जपानी तलवारीला बाक असतो आणि म्यानालाही. दोन्ही बाक जुळले नाहीत तर पातं आत जाणार नाही. म्हणून 'सोरी गा आवानाइ', आपल्याकडच्यासारखं सूत जुळत नाही. तलवारीच्या वहीत आणखी बरंच येईल. 'शिनोगि ओ केझुरु': शिनोगि म्हणजे पात्याच्या अंगावरची उंचवट्याची रेघ. ती एकमेकांवर घासून झिजेपर्यंत लढणं, म्हणजे चुरशीची झुंज. क्रीडापानावर रोज सापडेल. 'मोतो नो साया नि ओसामारु', मूळ म्यानात परत जाणं. हे भांडून वेगळ्या झालेल्या जोडप्याच्या समेटाला म्हणतात. एक तलवार नीट समजली की चार वाक्यं सुटतात.

'गो' या खेळाची दुसरी वही. 'इचिमोकु ओकु', एक सोंगटी आधी ठेवणं. गोमध्ये कच्चा खेळाडू आधी एक सोंगटी मांडून सुरुवात करतो. म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे हे मान्य करणं. काबुकी या पारंपरिक नाटकाची तिसरी. एखाद्याचं हातखंडा गाणं असतं ना, त्याला 'ओहाको' म्हणतात आणि लिहिताना 'अठरा' लिहितात. सातव्या इचिकावा दांजुरो या नटाने १८३२ मध्ये आपल्या घराण्याची अठरा नाटकं निवडून जाहीर केली, त्यावरून. वैद्याने औषध मिसळायचा चमचा फेकून दिला की 'साजि ओ नागेरु', हात टेकले. एदो काळातला फिरता तेलवाला भांड्यात तेलाची धार संपेपर्यंत गिऱ्हाइकाशी गप्पा छाटत बसायचा, म्हणून 'आबुरा ओ उरु', तेल विकणं, म्हणजे कामाच्या वेळी टिवल्याबावल्या.

ओळखायचं कसं, तर वाक्यात परकी वस्तू शोधा. आर्थिक वर्षअखेरीत मांजर कुठून आलं? विभागांच्या भांडणात बाक कसा? वस्तू परकी दिसली की तो एकटा शब्द कोशात टाकू नका. नाम, प्रत्यय आणि क्रियापद तिन्ही एकत्र टाका, तेही क्रियापद साध्या रूपात आणून. 'आवानाकुते' नाही, 'सोरी गा आवानाइ'. कोतोबांकु या ऑनलाइन कोशावर लगेच सापडेल. प्रत्यय गाळलात तर गेलात. 'कि गा त्सुकु' म्हणजे लक्षात येणं आणि 'कि ओ त्सुकेरु' म्हणजे जपणं, सांभाळणं. 'कि नि नारु' म्हणजे मनाला लागून राहणं, 'कि नि इरु' म्हणजे पसंत पडणं. नाम एकच, 'कि'. हा गोंधळ वाटत असेल तर आपला 'जीव' आठवा. जीव लागतो, जीव लावतो, जीव टाकतो, जिवावर येतं, जिवावर बेततं, जिवावर उठतात. परक्या माणसाला हे शिकवून बघा एकदा, मग जपानी लोकांवरचा राग जाईल.

कांजीकष्टी

ताई, सविस्तर लिहिलंत, आभार. शेपटाची खूण घेऊन मी लगेच आलेले मेल चाळले. 'तोरिइसोगि गोरेनराकु मादे' हे सापडलं, अगदी शेवटी, सहीच्या वर. 'मादे'वर थांबतंय! म्हणजे 'तूर्त कळवण्यापुरतं', हो ना?

आता निकडीचं. आम्ही किंमत सुधारून पाठवली होती, त्याला उत्तर आलंय: 'माएमुकि नि केंतो सासेते इतादाकिमासु'. माएमुकि म्हणजे पुढे तोंड करून, केंतो म्हणजे विचार. 'सकारात्मक विचार करू' असं मी साहेबांना सांगितलं, आणि ते तर खूश होऊन बसलेत. हे हो आहे का?

दुभाषीण

'मादे' बरोबर. फक्त तो समोरच्यांनी वापरू द्या. वरिष्ठ गिऱ्हाइकाला तुम्ही लिहिलंत तर तुटक वाटेल.

केंतोबद्दल इथे ओसाकाला राहणारे एक जण आहेत, ते माझ्यापेक्षा चवीने सांगतील.

ओसाकावासी

हाक ऐकू आली!

'माएमुकि नि केंतो' हे हो नाही आणि नाहीही नाही. नुसतं 'केंतो शिमासु' असतं तर मी आशा सोडली असती. 'माएमुकि नि' लावलंय म्हणजे निदान दार उघडं ठेवलंय, किंवा दार आपटल्याचा आवाज होऊ दिलेला नाही. साहेबांना म्हणावं, पेढे इतक्यात नकोत.

नकाराच्या छटा इथे राहून कळतात, पण काही ढोबळ सांगतो. 'चोत्तो…' म्हणून वाक्य सोडून दिलं की नाही. 'मुझुकाशिइ देस ने', म्हणजे 'अवघड आहे हो', हे तर स्वच्छ नाही. आपण 'अवघड आहे' ऐकलं की 'मग कसं सोपं करूया?' म्हणून पुढे सरसावतो, आणि समोरचा मनात म्हणतो, मी आत्ताच नाही म्हटलं ना! ओसाकात 'कांगाएतोकिमासु', विचार करून ठेवतो, असं दुकानदाराला म्हटलं की व्यवहार संपला. मित्राने 'इकेतारा इकु', जमलं तर येतो, म्हटलं की त्याचं ताट मांडायचं नाही. हे वाक्य ओसाकाच्या माणसाने म्हटलं तर येणार नाही आणि तोक्योच्या माणसाने म्हटलं तर कदाचित येईल, असा विनोद इथे चालतो.

'दाइजोबु देस' हे आणखी एक. 'ठीक आहे'. दुकानात पिशवी हवी का विचारलं (२०२० च्या जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, त्यामुळे प्रत्येक वेळी विचारतात) आणि तुम्ही 'दाइजोबु देस' म्हणालात, तर पिशवी मिळणार नाही. 'केक्को देस' तसंच: वस्तू पुढे केल्यावर म्हटलं तर 'नको', बघून झाल्यावर म्हटलं तर 'छान'. हाताची हालचाल बघा. तोंडासमोर हात पंख्यासारखा हलला की नको.

आणि क्योतोच्या बुबुझुकेची गोष्ट कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच उरकतो. पाहुण्याला 'बुबुझुके खाणार का?' (चहा ओतलेला भात) असं विचारलं की समजावं, आता निघा. ऐकायला गोड गोष्ट आहे. मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि माझ्या ओळखीच्या क्योतोकरांपैकीही कोणी विचारत नाही. 'मोकारिमाक्का', धंदा बरा ना, असं ओसाकाचे लोक एकमेकांना भेटल्यावर म्हणतात, हेही तसलंच. टीव्हीवर ऐकू येतं. असल्या गोष्टी पाठ करून इथे येऊ नका.

तुमच्या मेलला उत्तर मात्र द्या, आणि त्यात तारीख विचारा: 'इत्सु गोरो ओहेंजी ओ इतादाकेमासु देशो का'. साधारण कधीपर्यंत उत्तर मिळू शकेल? हो-नाहीला लोक बगल देतात. तारखेला सहसा देत नाहीत.

म्हणीवेडा

अवयवांची वही कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. माझं मत असं की मराठी माणसाचा निम्मा अभ्यास इथेच फुकटात होतो आणि उरलेल्या अर्ध्यात तो इथेच आपटतो.

फुकटातलं आधी. 'आशि ओ हिप्पारु' म्हणजे पाय ओढणं, अगदी आपल्याच अर्थाने, पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. इंग्रजीतून आलेल्याला इथे थट्टामस्करी आठवते, आपल्याला नाही. 'कुचि ओ दासु' म्हणजे मध्येच तोंड घालणं. 'मिमि ओ कासु' म्हणजे कान देणं, ते फक्त उसना देतात. आपली जीभ घसरते, त्यांचं तोंड घसरतं: 'कुचि गा सुबेरु'. 'कुबि नि नारु', मान होणं, म्हणजे नोकरीवरून नारळ मिळणं. घोड्याच्या कानात नामजप, 'उमा नो मिमि नि नेनबुत्सु', ही तर आपली गाढवापुढे वाचली गीता. फक्त जनावर बदललं.

आता खड्डे. 'युबि ओ कुवाएरु' म्हणजे बोट तोंडात धरणं. आपण आश्चर्याने तोंडात बोट घालतो. जपानी माणूस हवीशी वस्तू दुसऱ्याला मिळताना बघतो, काही करू शकत नाही, आणि हात चोळत राहतो, त्याला हे म्हणतात. प्रतिस्पर्धी कंपनीला ऑर्डर गेली आणि 'आम्ही युबि ओ कुवाएते पाहत होतो' असं म्हणालात तर कौतुक होत नाही, चरफड होते. 'हाना गा ताकाइ', नाक उंच. आपल्याकडे नाक वर असणारा शिष्ट. त्यांच्याकडे मुलगा चांगला निघाला की आईचं नाक उंच होतं, रास्त अभिमानाने. शिष्टपणाला 'हाना नि काकेरु' हा वेगळा प्रयोग आहे, नाकावर टांगणं. 'मे गा नाइ', डोळा नाही, हे वाचून आपल्याला वाटतं पारख नाही. तोही अर्थ आहे, पण बहुधा म्हणायचं असतं, एखाद्या गोष्टीवर जीव टाकणारा. गोडाच्या बाबतीत डोळा नाही म्हणजे गोडघाशा.

आणि पोट! 'हारा गा तात्सु', पोट उभं राहतं म्हणजे राग येतो. 'हारा ओ वात्ते हानासु', पोट फोडून बोलणं म्हणजे मोकळेपणाने बोलणं. आपण जे मनात ठेवतो ते हे लोक पोटात ठेवतात. तसं आपणही पोटात ठेवतो म्हणा, पण आपल्या पोटात बहुधा दुसऱ्याचं गुपित किंवा अपराध असतो, यांच्या पोटात खरा माणूसच राहतो.

पाठांतरपटू

म्हणजे शेवटी यादीच केलीत ना!

दुभाषीण

केली, पण वर्णानुक्रमे नाही. तुमची कार्डं मी जाळायला सांगत नाही. फक्त पुढच्या बाजूला वाक्प्रचार एकटा लिहू नका, ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा. कोणी म्हटलं तेही लिहा. पन्नाशीच्या कारखाना व्यवस्थापकाच्या तोंडचं आणि विशीतल्या मुलीच्या तोंडचं जपानी यांत बरंच अंतर आहे.

कांजीकष्टींचा तिसरा प्रश्न राहिलाय, वापरावं का. ठरलेले बोल पहिल्या दिवसापासून वापरा, तिथे न बोलणं हाच उद्धटपणा होतो. वाक्प्रचार ऐकून ओळखीचे झाले की, ज्याच्याकडून ऐकले त्याच्यासमोर वापरून पाहा. म्हणी मात्र जपून. त्या खुद्द जपानी लोकांच्याही हातून निसटतात. जपानचं सांस्कृतिक व्यवहार खातं, बुंकाचो, १९९५ पासून दरवर्षी लोकांच्या भाषेची पाहणी करतं. त्यात २०१० च्या पाहणीत 'नासाके वा हितो नो तामे नाराझु' ही म्हण विचारली होती. मूळ अर्थ: दया ही दुसऱ्यासाठी नसते, ती फिरून आपल्याकडेच येते. ४५.८ टक्के लोकांनी हा अर्थ सांगितला. ४५.७ टक्क्यांनी सांगितलं, दया केल्याने त्या माणसाचं भलं होत नाही, म्हणून करू नये. एकदम उलटं! गोंधळ त्या जुन्या 'नाराझु'मुळे. आजच्या कानाला ते 'होत नाही' वाटतं, आहे ते 'नव्हे'. आता तुम्ही ही म्हण मीटिंगमध्ये बरोबर वापरलीत, तरी समोरच्या अर्ध्या लोकांनी काय ऐकलं ते देव जाणे.

'याकुबुसोकु'चं तर मी प्रत्येकाला बजावते. अर्थ 'दिलेली भूमिका माझ्या कुवतीपुढे लहान आहे'. नव्या जबाबदारीबद्दल नम्रपणे 'मी याला पुरा पडेन का' असं म्हणायचं असेल तर 'चिकाराबुसोकु', बळ कमी. घाईत पहिला शब्द तोंडातून गेला, तर 'हे काम माझ्या लायकीचं नाही' असं साहेबांना सांगून मोकळे व्हाल. जपानी लोकही सर्रास गफलत करतात, पण त्यांना माफ असतं.

जाडजूड पुस्तकाऐवजी लहान मुलांचा वाक्प्रचारकोश घ्या. जपानी शाळांत तिसरी-चौथीला म्हणी आणि कान्योकू अभ्यासक्रमातच असतात, त्यामुळे त्या वयाची पुस्तकं भरपूर निघतात. चित्रं असतात, कांजीवर उच्चार छापलेला असतो, आणि मूल ते वाक्य कुठे ऐकेल हे दाखवलेलं असतं. 'इरोहा कारुता' हा पत्त्यांचा खेळही बघा. एक जण म्हण वाचतो, बाकीचे चित्राच्या पत्त्यावर झडप घालतात. ४८ म्हणी. एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, संचातली पहिली 'इनु मो आरुकेबा बो नि आतारु', कुत्राही हिंडला की काठीला धडकतो. काही करायला गेलं की दणका बसतो, हा एक अर्थ. घराबाहेर पडलं तर काहीतरी लाभ होतो, हा दुसरा. दोन्ही कोशात आहेत, दोन्ही चालतात.

शेवटी माझी आवडती. तिला समजावण्याची गरजच नाही, कारण तिच्यातला एन्मा म्हणजे आपला यम, चीनमार्गे तिकडे पोचलेला. 'कारिरु तोकि नो जिझोगाओ, काएसु तोकि नो एन्मागाओ.' उसनं घेताना जिझो या कनवाळू बोधिसत्त्वाचा चेहरा, परत करताना यमाचा.

कांजीकष्टी

ही म्हण मी आमच्या वसुली विभागाला भेट देणार.

ओसाकावासींनी सांगितलं तसं तारीख विचारली. उत्तर आलं, तारीख नाही. 'तादाइमा शानाइ नि ते केंतो-च्यू देस'. सध्या कंपनीत अंतर्गत विचार चालू आहे. 'नि ते' मध्येच आहे, शेवटी नाही, म्हणून शेपूट तुटलेलं नाही एवढं मला कळलं! याचं काय समजायचं?

ओसाकावासी

याचं बरं समजा. ज्यांनी मेल लिहिला, त्यांच्या एकट्याच्या हातात निर्णय नसणार. बहुतेक 'रिंगी' फिरत असेल, म्हणजे प्रस्तावाचा कागद एकेका टेबलावरून वर जातो आणि प्रत्येक जण त्यावर शिक्का मारतो. मधल्या एखाद्या टेबलावर तो पडून राहिला तर लिहिणाऱ्यालाही तारीख ठाऊक नसते. साफ नको असतं तर एव्हाना 'कोनकाइ वा', या खेपेला, असं म्हणून सुरू होणारा मेल आला असता.

दोन आठवडे थांबा, मग फोन करा, मेल नको. फोनवर आधी 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु', मग 'सोनो गो इकागा देशो का', त्यानंतर काय झालं. त्यावर समोरचा 'सोओ देस ने…', 'हं, असं आहे…', म्हणून किती वेळ श्वास ओढतो तेवढं ऐका आणि इथे येऊन सांगा.